तार तोडणारे हात : वऱ्हाडच्या तारायंत्रापासून इंटरनेटबंदीपर्यंत

१/ १८५७ साली बंडवाल्या शिपायांनी तारा तोडल्या. १९४२ साली 'चले जाव'च्या कार्यकर्त्यांनी तोडल्या. २०२१ साली अमरावतीत आणि २०२३ साली अकोल्यात जोडणी तुटली, ती मात्र खुद्द शासनाच्या आदेशाने. तार तोडणारा हात कसा बदलला आणि त्यात नागरिकाच्या हक्कांचे काय झाले, हे या धाग्यात पाहू. सुरुवात शेगावपासून.

२/ आज शेगाव म्हटले की श्री गजानन महाराजांचे मंदिर आणि पालखीची वाट आठवते. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्याला या नावाने कापसाचा बाजार आठवत असे. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे होते; १८५३च्या तहानंतर कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ पर्यंत जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग भुसावळ, शेगाव, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचला.

३/ रुळांच्या सोबतीने तारेचे खांब आले. १८७० साली शेगावच्या शेजारच्या जलंबहून खामगावला जाणारा फाटा सुरू झाला. उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. आता लिव्हरपूलचा व्यापारी तारेने वऱ्हाडात मागणी नोंदवू शकत होता आणि रेल्वे व सुएझ कालव्याच्या मार्गाने काही आठवड्यांत गासड्या त्याच्या धक्क्यावर पोचत होत्या. वऱ्हाडातल्या कास्तकाराला हा वेग दिसत नव्हता. भावाची बातमी आधी तारेवाल्याला, मग अडत्याला आणि शेवटी त्याला कळायची.

४/ तारेचे पहिले वैशिष्ट्य इथेच दिसते. ती सरकारची आणि व्यापाराची नस होती. १८५४च्या कायद्याने तारेची मक्तेदारी सरकारकडे ठेवली. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तार कचेरीतून अंबाल्याला गेलेल्या संदेशाने इंग्रजांना उठावाची आगाऊ सूचना दिली, हे सर्वश्रुत आहे. बंडवाल्यांनी खांब उपटले आणि तारा तोडल्या, त्यामागचे कारण उघड होते. शत्रूची बातमी ज्या वाटेने जाते, ती वाट बंद करायची होती. सरकारचा सगळा जोर तेव्हा तार राखण्यावर होता.

५/ मग सरकारला बंद काय करायचे होते? लोकांची वाट. ती वाट म्हणजे छापखाना. संस्थानच्या परंपरेनुसार गजानन महाराज शेगावात प्रकट झाले तो दिवस २३ फेब्रुवारी १८७८. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच १४ मार्च १८७८ रोजी लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा संमत केला. दुष्काळाने पिचलेल्या देशात मराठी, बंगाली, उर्दू पत्रे सरकारला जाब विचारू लागली होती.

६/ या कायद्याने मॅजिस्ट्रेटला देशी भाषेतल्या पत्राच्या मुद्रकाकडून जामीन मागण्याचा, प्रसंगी छापखाना जप्त करण्याचा अधिकार दिला. इंग्रजी पत्रे मात्र वगळली. मॅजिस्ट्रेटचा निर्णय अंतिम होता. न्यायालयात अपील करण्याची सोय नव्हती. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. 'बंदी' आणि 'बंदीविरुद्ध दाद मागण्याची बंदी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत, १८८२ साली, हा कायदा रद्द झाला.

७/ रद्द झाला तरी विचार राहिला. १८८५ साली भारतीय तार अधिनियम आला. त्याच्या ५व्या कलमाने सरकारला 'सार्वजनिक आणीबाणी'च्या प्रसंगी किंवा 'सार्वजनिक सुरक्षिततेसाठी' कोणताही संदेश अडवण्याचा किंवा न पाठवण्याचा अधिकार दिला. आणीबाणी खरोखर होती का, अशी शंका कोणी घेतली तर? कलमात त्याचेही उत्तर होते. सरकारच्या सचिवाने सही केलेला दाखला हाच निर्णायक पुरावा मानावा. आणीबाणी जाहीर करणारा आणि ती खरी होती अशी साक्ष देणारा एकच.

८/ वऱ्हाडने या काळाचा राजकीय चटकाही अनुभवला. १९०८ साली अकोल्याच्या शिवजयंती उत्सवात लोकमान्य टिळक आणि गजानन महाराज एका व्यासपीठावर होते, ही आठवण भाविकांच्या परंपरेत आजही सांगितली जाते. त्याच वर्षी ८ जून रोजी, चिथावणीच्या मजकुराबद्दल छापखाने जप्त करण्याची मुभा देणारा नवा कायदा झाला. २४ जूनला टिळकांना 'केसरी'तील लेखांबद्दल अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लेखकाला मंडालेला पाठवले, तरी बातमी गिरणगावात पोचलीच.

९/ १९४२ हा या कथेचा पुढचा टप्पा. तारा तोडणे आणि रूळ उखडणे हे त्या ऑगस्टमध्ये आंदोलनाचे ठरलेले मार्ग झाले होते. सरकारची नस तोडत असतानाच लोकांना स्वतःचीही नस हवी होती. पत्रांवर निर्बंध आले तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. पोलिसांनी नोव्हेंबरमध्ये तो पकडेपर्यंत जागा बदलत बदलत हे प्रक्षेपण सुरू होते. एका बाजूची संपर्कवाट तोडणे आणि आपली जिवंत ठेवणे, ही लढाई दोन्ही बाजू लढत होत्या.

१०/ मग स्वातंत्र्य आले. २६ जानेवारी १९५० पासून कलम १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. त्याची पहिली कसोटी एका मुंबईच्या साप्ताहिकावरून लागली. रोमेश थापर यांच्या 'क्रॉसरोड्स'ला मद्रास सरकारने प्रांतात येण्यास मनाई केली; कारण दिले सार्वजनिक सुरक्षिततेचे. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली आणि सांगितले की प्रसाराचे स्वातंत्र्य हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे. छापायला मोकळीक आणि पोचवायला मनाई, हे चालणार नाही.

११/ पुढच्याच वर्षी, १९५१ साली, पहिल्या घटनादुरुस्तीने 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण निर्बंधांच्या यादीत आले. त्यापुढे 'वाजवी' हा शब्दही आला आणि न्यायालयाला निर्बंध मोजण्याचे माप मिळाले. १९७२ साली तार अधिनियमाचे ५वे कलम बदलले. सचिवाचा तो 'निर्णायक दाखला' गेला आणि कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक झाले. लेखी नोंदवणे बंधनकारक झाले खरे. ती नोंद लोकांना दाखवणे मात्र नाही.

१२/ २५ जून १९७५च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्र कचेऱ्यांचा वीजपुरवठा तोडण्यात आला आणि दुसऱ्या दिवसापासून सेन्सॉरशिप लागू झाली. आजच्या अर्थाने पाहिले तर हा 'शटडाऊन'च होता. सेन्सॉर एकेक ओळ तपासतो. वीज तोडणारा सर्वच ओळी एकदम घालवतो. त्या रात्रीची नोंद आपल्याला मिळते, कारण नंतर शाह आयोगाने कागद मागवले, साक्षी घेतल्या आणि अहवाल छापला. कागद राहिला म्हणून जबाबदारी ठरवता आली.

१३/ जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली. शेवटची तार पाठवायला लोकांनी रांगा लावल्या. तार गेली, पण १८८५चा तार अधिनियम तसाच राहिला. २०१५ साली गुजरातमधल्या पाटीदार आंदोलनात मोबाइल इंटरनेट बंद केले गेले तेव्हा आधार घेतला होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४चा, म्हणजे जमावबंदीच्या कलमाचा. हे कलम १८९८च्या संहितेतही याच क्रमांकाने होते. गुजरात उच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. २०१७ साली केंद्राने तार अधिनियमाखालीच दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम केले. एकविसाव्या शतकातली बंदी एकोणिसाव्या शतकातल्या कलमांवर उभी राहिली.

१४/ आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत मोर्चा आणि बंद यांच्यानंतर हिंसाचार झाला. शहरात संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. मे २०२३ मध्ये शेगावहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या अकोल्यात समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल उसळली, एकाचा जीव गेला आणि तिथेही इंटरनेट थांबवले. जून २०२३ मध्ये कोल्हापूर. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर. यातला जालना जिल्हा बुलढाण्याला खेटून आहे. हा विषय काश्मीर किंवा मणिपूरपुरताच आहे, असे आपण म्हणू शकत नाही.

१५/ शासनाची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. ते पाचही जण भिक्षा मागत फिरणारे निरपराध लोक होते. अशा अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. रस्त्यावर जमाव असताना आणि हातातल्या फोनवर खोटी चित्रफीत फिरत असताना जिल्हाधिकाऱ्याला वाट बंद करावीशी वाटते, यात काही अस्वाभाविक नाही. प्रश्न त्या उपायाच्या मापाचा आणि हिशेबाचा आहे.

१६/ मापाचा विचार करा. अफवा एका चित्रफितीत असते. बंदी संपूर्ण जिल्ह्यावर पडते. अफवा खोडणारा पोलिसांचा खुलासा, रुग्णालयाचा निरोप आणि घरच्यांचा 'पोचलो' हा संदेश यांची वाटही तीच असते. स्टॅनफर्डमधल्या एका संशोधकाने २०१९ साली भारतातल्या इंटरनेटबंदीच्या घटना तपासल्या. शांततामय आंदोलनाला समन्वय लागतो. संपर्क तुटला की ते विस्कळीत होते आणि बंदीनंतर हिंसक घटना वाढलेल्या दिसतात, असे त्याचे निरीक्षण होते. बंदीने शांतता येतेच, हे गृहीतक तपासून घ्यावे लागेल.

१७/ हक्कांचे नुकसान प्रत्यक्षात कसे होते? शेगावसारखे गाव डोळ्यांसमोर आणा. स्वस्त धान्य दुकानातले ई-पॉस यंत्र जोडणीवर चालते. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाइल ॲपवर लागते. हजेरी नाही तर मजुरीला अडथळा. मंदिर परिसरातला हार-फुलांचा, पेढ्यांचा छोटा विक्रेता क्यूआर कोडवर पैसे घेतो. विद्यार्थ्याचे परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीची मुदत, कास्तकाराचे बाजारभाव हे सगळे आता याच एका वाटेवर आहे. १८७० साली तार तुटली असती तर तोटा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला झाला असता. आज तोटा मजुराला होतो.

१८/ यातही उतरंड आहे. बहुतेक आदेश मोबाइल इंटरनेट बंद करतात. ज्याच्या घरी किंवा कचेरीत तारेची ब्रॉडबँड जोडणी आहे, त्याचे काम अनेकदा चालू राहते. देशातले बहुसंख्य लोक इंटरनेट वापरतात ते मोबाइलवरच. १८७८च्या कायद्याने इंग्रजी पत्रे वगळून देशी भाषांना जखडले होते. आजच्या बंदीचा तसा उद्देश असेलच असे नाही, पण परिणामात तीच भेदरेषा पुन्हा उमटते. ज्याचे साधन साधे, त्याचा आवाज आधी बंद.

१९/ ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये संपर्कसेवा बंद झाल्या. 'काश्मीर टाइम्स'च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना घटनेचे संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाही. बंदी गरजेच्या प्रमाणात हवी. आणि आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे बाधित माणसाला त्यांना आव्हान देता येईल. इंटरनेट मिळणे हाच स्वतंत्र मूलभूत हक्क आहे की नाही, यावर न्यायालयाने मत दिले नाही. काश्मीरमध्ये ४जी सेवा पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

२०/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. डिसेंबर २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीने इंटरनेटबंदीवर अहवाल दिला. देशात किती वेळा, कुठे आणि किती काळ बंदी झाली याची एकत्रित नोंद ना दूरसंचार विभागाकडे होती ना गृह मंत्रालयाकडे. अशी नोंद ठेवावी, अशी शिफारस समितीने केली. म्हणून आपण जे आकडे वाचतो ते बहुतांशी नागरी संस्थांचे असतात. 'ॲक्सेस नाऊ' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ साठी भारतात ११६ बंदी मोजल्या. सरकारी दप्तरात त्या आकड्याला तपासण्याची सोय नाही.

२१/ याची तुलना वसाहतीच्या सरकारशी करून पाहा. मुंबई सरकारचा अनुवादक दर आठवड्याला देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे तयार करत असे. हेतू पाळत ठेवण्याचा होता, पण ते अहवाल आज अभिलेखागारात आहेत. मूळ अंक नष्ट झालेल्या कित्येक मराठी पत्रांचा आवाज आपल्याला त्या पाळतीच्या कागदांतूनच ऐकू येतो. टिळकांवरच्या खटल्याची कागदपत्रे आहेत. परक्या सत्तेने आपल्याला गप्प केले, पण कसे केले याचे दप्तर मागे ठेवले. आपल्याच निवडून दिलेल्या सरकारांच्या बंदीचे दप्तर शंभर वर्षांनी कोणाला मिळेल का?

२२/ नवे काही घडलेच नाही असे नाही. २०२३च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५च्या कायद्याची जागा घेण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४च्या नियमांनुसार बंदीचा आदेश कारणांसह प्रसिद्ध करायचा आहे, क्षेत्र आणि सेवा स्पष्ट सांगायची आहे, मुदत १५ दिवसांपेक्षा अधिक नको आणि पुनर्विलोकन समितीने आदेश तपासायचा आहे. कागदावर हे मोठे पाऊल आहे. मात्र 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' हे १८८५चे शब्द नव्या अधिनियमातही आहेत. शब्द जुनेच असतील, तर त्यांचा वापर मोजण्याची जबाबदारी नव्या पिढीवर येते.

२३/ जगाचा अनुभवही हेच सांगतो. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये होस्नी मुबारक यांच्या सरकारने जवळजवळ संपूर्ण देशाचे इंटरनेट तोडले. लोक घरातून बातमी कळेना म्हणून रस्त्यावर आले आणि दोन आठवड्यांत राजवट कोसळली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ऑनलाइन माहितीची वाट मुद्दाम रोखण्याच्या उपायांचा निषेध करणारा ठराव केला. जे हक्क माणसाला प्रत्यक्षात आहेत तेच ऑनलाइनही आहेत, ही भूमिका त्यात पुन्हा मांडली गेली.

२४/ मग आपण काय करू शकतो? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अमुक तारखेच्या बंदीचा आदेश, त्याची लेखी कारणे आणि पुनर्विलोकन समितीचा निष्कर्ष यांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. नकार आला तरी तो नकार लेखी असतो, म्हणजे तोही एक दस्तऐवज झाला.

२५/ दुसरे काम त्याहून सोपे. तुमच्या तालुक्यात बंदी आली तर वहीत लिहून ठेवा: कधी बंद झाले, कधी सुरू झाले, कोणती सेवा, आदेश कुठे पाहायला मिळाला की नाही, कोणाचे काय अडले. रेशन परत गेले का, हजेरी चुकली का, अर्जाची मुदत हुकली का. शेगाव, खामगाव, नांदुरा, अकोट, बाळापूर, प्रत्येक गावाची अशी पाच-पाच पाने जमली, तरी पुढच्या अभ्यासकाला वऱ्हाडच्या या काळाचे साधन मिळेल. नाव-गाव उघड न करता लिहा. ज्याचे नुकसान झाले त्याला आणखी त्रास नको.

२६/ तार कोणी तोडली, हा प्रश्न १८५७ साली सरकार विचारत होते. आज तो नागरिकाने विचारायचा आहे, आणि उत्तरही लेखी, तारखेसह, सहीसह मागायचे आहे. तुमच्या भागातल्या बंदीची तारीख आणि आदेशाची प्रत कोणाकडे असेल तर खाली जरूर जोडा. पुढच्या धाग्यात १८७८च्या कायद्याला मराठी पत्रांनी दिलेल्या उत्तरांविषयी वाचू.